सहकुटुंब चालून तपासलेल्या दहा वाटा

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आज माझ्या आयुष्यात मोठी घटना घडली आणि ऑफिसात ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

नगरपालिकेच्या नकाशा विभागात मी एकोणीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. आज मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, की नदीकाठच्या सोप्या वाटांवर एक पुस्तिका काढायची आहे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन रविवारी आरामात चालता येईल अशा वाटा, तर ती कोण लिहील? सगळे टेबलाकडे बघत बसले. माझा हात वर गेला. तो पंखा जरा कमी करा हे सांगायला गेला होता, पण साहेबांनी योग्य माणूस ओळखला यात शंका नाही.

८ जानेवारी, गुरुवार

दहाच्या दहा वाटा तयार. तीन दिवसांत. खुर्चीवरून न उठता.

पद्धत माझी स्वतःची. अकरा वर्षांपूर्वी मीच काढलेला नदीचा नकाशा टेबलावर पसरला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणला होता, तो काठाच्या वळणावळणाने ताणून धरला, कापला, पट्टीवर मोजला. झाली लांबी. चालण्याचा वेग ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारून काढला. फील्डवर जाणारे लोक उगाच चपला झिजवतात.

९ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४

साहेबांनी सहज विचारलं, की वाटा चालून पाहिल्यात ना? मी म्हटलं, हो हो, सहकुटुंब. माणूस बोलण्याच्या ओघात म्हणतो.

५.३०. अनर्थ. रंगीत मशीन आज मोकळं होतं म्हणून साहेबांनी मुखपृष्ठ आधीच छापून टाकलं. वर नदीचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘दहा सोप्या वाटा – सहकुटुंब चालून तपासलेल्या’. हजार प्रती. ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या टेबलाखाली रचल्या आहेत. पाय आत जात नाहीत. आतला मजकूर सोळा मार्चला, सोमवारी, छपाईला जाणार.

कुणी म्हणेल, हा पुरता अडकला. मी म्हणतो, दहा वाटा, दहा रविवार. योजना आपोआप जमली.

१० जानेवारी, शनिवार

घरी घोषणा केली. प्रतिसाद उत्तम.

बायको हॉस्पिटलच्या औषध विभागात असते. म्हणाली, सहा दिवस मी उभी असते, सातव्या दिवशी बसते. हा मी होकार समजलो. सासरेबुवा आमच्याकडेच राहतात. चौतीस वर्षं बस चालवून रिटायर झालेत, गुडघे कुरकुरतात. त्यांनी वाटेत किती बाकं आहेत एवढंच विचारलं. लेक हसली.

लेकीला दूरच्या डोंगरावरच्या वेधशाळेत नोकरी लागली आहे. पंधरा मार्चला, रविवारी, संध्याकाळी पाचची बस. पहिलं वर्ष रजा नाही. म्हणजे तिचेही इथले दहाच रविवार उरले. निव्वळ योगायोग. तिच्या जाण्याचं मला तसं काही वाटत नाही. मुलं जायचीच. मीही एकविसाव्या वर्षी घर सोडलं होतं.

११ जानेवारी, रविवार

वाट क्र. १. पुस्तिकेनुसार चाळीस मिनिटं. प्रत्यक्षात एक तास पंचवीस.

दोष वाटेचा नाही. सासरेबुवा प्रत्येक बाकावर बसतात. स्टॉप आला की गाडी थांबवायची, प्रवासी असो नसो, असं त्यांचं म्हणणं. मी पुढे राहून पावलं मोजत होतो. मोजणीला शांतता लागते, त्यामुळे साधारण चाळीस पावलांचं अंतर ठेवलं. मध्ये लेक पळत माझ्याजवळ आली. बाबा, तुला एक विचारायचं होतं, म्हणाली. मी सहाशे बारावर होतो. एक बोट वर केलं. बोट वर करण्याच्या नादात सहाशे बारा की सहाशे बावीस ते विसरलो आणि पहिल्या बाकापर्यंत परत जावं लागलं.

नियम केला. चालताना बोलायचं नाही, थांब्यावर बोलायचं.

१८ जानेवारी, रविवार

वाट क्र. २. बावन्न मिनिटांऐवजी दोन तास. घरच्यांचा दम कमी पडतोय हे उघड आहे. रोज सकाळी सर्वांनी जिना चढावा-उतरावा असं सुचवलं. जेवणाच्या टेबलावर ऐकू न आल्यासारखं करण्यात सगळे तयार झालेत.

थांब्यावर मी तपासणीचा फॉर्म भरत होतो. लेक समोर येऊन उभी राहिली. दोन मिनिटं थांब म्हटलं. फॉर्म अकरा कलमी आहे.

२१ जानेवारी, बुधवार

बायकोने शिवणाचा डबा उघडला आणि विचारलं, की इथलं काय नेलंत? मी अभिमानाने दोऱ्याची पुडी परत केली. तिने दोन बोटांत धरून खेचलं. ते लांब झालं. सोडलं, आखूड झालं.

म्हणाली, अहो, हे इलॅस्टिक आहे.

ताणून नकाशावर लावलं, सोडून पट्टीवर मोजलं. म्हणजे दहाही वाटा पुस्तिकेत आहेत त्यापेक्षा बऱ्याच लांब. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. आतून तिचा आणि लेकीचा आवाज येत होता, नीट ऐकू आलं नाही.

तोडगा: प्रत्येक वेळेपुढे ‘साधारण’ घातलं.

२५ जानेवारी, रविवार

वाट क्र. ३. साधारण पन्नास मिनिटं. दोन तास दहा. पाऊलमोजणीचं ॲप घेतलं, पण ते थांब्यावरही मोजतं. कदाचित मी पाय हलवतो. शेवटी तोंडीच मोजणं चालू ठेवलं.

१ फेब्रुवारी, रविवार

वाट क्र. ४. पुस्तिकेत ‘प्रवेश सुलभ’ असं लिहिलं आहे.

प्रवेशाला लोखंडी फिरतं फाटक आहे, माणसागणिक एक खण. घरचे तिघं पलीकडे गेले. मी पाठीवरच्या सॅकसकट आत शिरलो. सॅकमध्ये प्रथमोपचाराची पेटी, टेप, घडीची खुर्ची, नकाशाची गुंडाळी. फाटक पाऊण फिरलं आणि थांबलं. पुढे जाईना, मागे येईना. वीस मिनिटं. माझ्यामागे रांग लागली. एका बाईंनी बाबागाडीवरून वाकून विचारलं, की ही वाट सोपी आहे का? मी म्हटलं, अतिशय. सासरेबुवा पलीकडच्या बाकावर बसून हातवारे करत होते: थोडं मागे, स्टिअरिंग डावीकडे, हां, आता सरळ.

शेवटी लेकीने गजांमधून हात घालून सॅकचे पट्टे सोडले. हात घालताना म्हणाली, बाबा, आता तरी तुला कुठे जाता येत नाहीये. मला वाटलं चेष्टा करते आहे. आणखी काही बोलणार होती, पण तेवढ्यात फाटक फिरलं आणि मी पलीकडे जाऊन पडलो.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तिघांनी तीन कारणं दिली. बायकोला जादा ड्यूटी, लेकीचं सामान भरायचं, सासरेबुवांचा गुडघा. बायकोची ड्यूटी नाही हे मी फ्रिजवरच्या तक्त्यावरून सिद्ध केलं. सामान पाच आठवडे भरायचं नसतं. गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलं.

मुखपृष्ठावर सहकुटुंब छापलं आहे. मी काय करू? हजार प्रती टेबलाखाली आहेत. ऑफिसात पाय मुडपून बसतो आणि रविवारी तेच पाय सोडवायला नदीवर जातो. सुटका कुठेच नाही. हे घरच्यांना समजावून सांगितलं. बायको म्हणाली, तुमच्या पायांची सुटका नाही म्हणून आमच्याही पायांची नाही का? मुद्दा तिला कळला म्हणायचा.

वाट क्र. ५ झाली. वेळ लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

वाट क्र. ६. अर्ध्या वाटेवर मागे वळून पाहिलं तर मागे कुणी नाही. चाळीस पावलांवर नाही, चारशे पावलांवरही नाही. शोधत गेलो. तिघं नावांच्या धक्क्यावर पाय सोडून बसले होते, उकडलेली अंडी खात होते आणि हसत होते. सासरेबुवा कुठल्यातरी घाटातल्या ब्रेक फेल बसची गोष्ट सांगत होते. लेक इतकी हसत होती की तिला ठसका लागला होता. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी पोचलो आणि सगळे गप्प झाले. बायकोने एक अंडं पुढे केलं.

शिस्त सुधारते आहे अशी नोंद फॉर्मवर केली. नंतर खोडली.

२२ फेब्रुवारी, रविवार

वाट क्र. ७. परतीच्या वेळी बायको आणि लेक पुढे गेल्या. सासरेबुवा एका बाकावर बसले आणि मलाही बसा म्हणाले. मी उभ्याउभ्याच फॉर्म काढला. त्यांनी फॉर्म हातातून घेतला, घडी घातली आणि त्यावर बसले.

म्हणाले, पोरगी घाबरली आहे. एवढ्या लांब, एकटी, वर्षभर घरी येणं नाही. जावं की नको असं तिला होतंय. जानेवारीपासून तुम्हाला विचारायला बघते आहे, की तुम्ही तिच्याएवढे असताना घर सोडलंत तेव्हा घाबरला होतात का.

मी म्हटलं, मग विचारायचं की. मी काय परका आहे?

“जावईबापू, तुम्ही एक्स्प्रेस गाडी आहात,” सासरेबुवा म्हणाले. “मधल्या स्टॉपवर थांबत नाही.”

घरी पोचेपर्यंत मी ही स्तुती समजत होतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीला द्यायचं उत्तर ठरवलं. ‘अजिबात घाबरलो नव्हतो.’ बापाचं उत्तर असंच हवं, तिला धीर येईल.

खरं काय झालं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहिणार नाही. ते पंधरा दिवस माझे मलाच नको आहेत.

१ मार्च, रविवार

वाट क्र. ८. आज बोलायचंच असं ठरवून निघालो. पहिल्या थांब्यावर लेकीजवळ जाऊन बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून ही वाट किती मीटर झाली ते सांगितलं. ती म्हणाली, अच्छा. मग दुसऱ्या काठावर किती मीटर आहे तेही सांगितलं. तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला. सुरुवात वाईट नाही.

८ मार्च, रविवार

वाट क्र. ९. लेक आली नाही, मैत्रिणींनी तिला निरोपाला बोलावलं होतं. बायको म्हणाली, ती नाही तर मी कशाला? सासरेबुवा पहिल्या बाकापर्यंत आले आणि हे शेवटचं स्थानक म्हणाले. उरलेली वाट एका अनोळखी कुत्र्याबरोबर चाललो. सहकुटुंब हा शब्द किती ताणता येतो याचा विचार करत होतो. कुत्रंही अर्ध्यातून परत गेलं.

घरी आलो तर लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं. पुस्तकांचा कप्पा रिकामा, भिंतीवरचे फोटो काढलेले. मी तिच्या पलंगावर जरा बसलो. वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. मग चहा केला.

१३ मार्च, शुक्रवार

परवाचा कार्यक्रम. आखणी अशी की कुठे फट नाही.

साहेबांना दहाव्या वाटेच्या पानावर ‘पलीकडच्या काठावरून दिसणारं दृश्य’ असा चार ओळींचा मजकूर हवा आहे, सोमवारी सकाळी. तेव्हा मी दोनला एकटाच निघणार. गावातल्या मोठ्या पुलावरून पलीकडे जाणार, पलीकडच्या काठाने चालत दृश्य बघणार आणि नकाशावरच्या पादचारी पुलावरून ३.०५ ला अलीकडे येणार. घरचे तिघं अलीकडच्या काठाने येऊन पुलाजवळच्या बाकावर थांबणार.

३.१० ते ३.३५: लेकीशी बोलणे. मुद्दे आठ. क्रमांक चार, ‘अजिबात घाबरलो नव्हतो’.

३.३५ ला परत. सामान सकाळीच स्टँडवर ठेवायचं. ४.४५ ला स्टँड. ५ ला बस.

बायकोने विचारलं, की सरळ आमच्याबरोबरच का नाही येत? तिला नियोजनातलं फारसं कळत नाही.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.४०

झालं ते क्रमाने लिहितो.

तीन वाजून चार मिनिटांनी मी पुलापाशी पोचलो. पूल नव्हता. नदीवरून एक पाण्याचा पाइप गेला होता, कवेत न मावणारा, वर गोल, दोन्ही टोकांना कुणी चढू नये म्हणून खिळ्यांची कडी. मी नकाशा पाहिला. नकाशात पूल होता, स्वच्छ. तेव्हा आठवलं. अकरा वर्षांपूर्वी पाइपलाइनच्या खुणेचं स्टेन्सिल हरवलं होतं. तात्पुरतं म्हणून मीच पादचारी पुलाची खूण मारली होती आणि नंतर बदलायची राहिली.

समोरच्या बाकावर तिघं बसले होते. बायको, सासरेबुवा, लेक. मध्ये नदी, पंचवीस-तीस पावलांची. लेक उठून काठाशी आली. हात हलवला. नदी इथे इतकी शांत आहे की तिला ओरडावंही लागलं नाही.

“बाबा, पाण्यातून ये ना. खोल नाहीये.”

मी म्हटलं, पुढे पूल आहे.

माझ्या नकाशात पुढे पंचवीस मिनिटांवर आणखी एक पूल होता. अंगावर ऑफिसची पँट, पायात नवे बूट, आणि पुस्तिका लिहिणारा माणूस स्वतःच्या वाटेवर पाण्यात उतरलेला तिघांनी बघायचा, हे मला जमेना. मी चालायला लागलो. पलीकडून लेकही चालायला लागली, मागून बायको सासरेबुवांचा हात धरून. असे आम्ही चाललो. मी या काठाला, ती त्या काठाला. पहिल्यांदाच ती माझ्या बरोबरीने चालत होती, ना मागे ना पुढे. मध्येच ती काहीतरी म्हणाली. मी कानाला हात लावला. तिने मान हलवली, काही नाही.

घाबरला होतास का, हे काठावरून ओरडून विचारायचं नसतं. आणि त्याचं उत्तरही ओरडून देता येत नाही.

दुसरा पूल हाही पाइपच निघाला. त्याच वर्षीचं काम.

३.३५ झाले होते. बायकोने घड्याळ दाखवलं. लेक बराच वेळ उभी होती. मी पुन्हा म्हटलं, पुढे पूल असेल. ती तिघं वळली. वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

मग बघणारं कुणी उरलं नाही, तेव्हा बूट काढून ठेवले, पँट वर केली आणि पाण्यात उतरलो. नुसती खोली बघायला. बघता बघता पलीकडेच पोचलो. पाणी पोटरीपर्यंत आलं. बूट मागच्या काठावर. परत गेलो, बूट घेतले, पुन्हा उतरलो. मधोमध एक बूट हातातून सुटला. नदी संथ, त्यामुळे तो आरामात चालल्यासारखा पुढे निघाला आणि मी त्याच्यामागे.

ओल्या बुटांनी पळत सुटलो. घरी फोन करावा तर पावलं मोजणाऱ्या ॲपने बॅटरी खाऊन टाकली होती. स्टँडवर पोचलो तेव्हा पाच वाजून अकरा मिनिटं झाली होती. बायको आणि सासरेबुवा फलाटावरच्या बाकावर बसले होते. त्यांच्यासमोर बसची जागा रिकामी होती.

सासरेबुवा म्हणाले, ड्रायव्हरला मी विनंती केली, जुना माणूस म्हणून त्याने माझा मान ठेवला. चार मिनिटं थांबवली गाडी. चौतीस वर्षांत मी कुणासाठी एक मिनिट थांबवली नव्हती. एवढं बोलून त्यांनी खाली माझ्या बुटांकडे पाहिलं. बायकोने माझा हात धरला. तिचे डोळे लाल होते.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला. सात वाजता लेकीला लावला. तिने लगेच उचलला. कागदावर आठ मुद्दे होते, कागद भिजला होता, पण वाचता येत होता. मी वाचला नाही.

तिला सांगितलं, की घर सोडलं तेव्हा मी फार घाबरलो होतो. पंधरा दिवस खोलीचं दार आतून लावून रडलो. दोनदा परतीचं तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. तुझ्या आजीला मात्र मजेत आहे म्हणून पत्रं लिहीत होतो. नंतर हळूहळू बरं वाटलं. कधीपासून ते नक्की सांगता येत नाही, पण वाटलं.

ती रडत होती बहुधा. मग तिने विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस?

मी म्हटलं, वेळच मिळाला नाही गं.

बसचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “बाबा, दहा रविवार आपण बरोबर चालत होतो.”

मी हो म्हटलं. मी चाळीस पावलं पुढे होतो, ही दुरुस्ती तिला सांगितली नाही.